केस मागे बांधताय? आधी मुळांचं बघा, लोकांचं नंतर

लेडीज डब्यात दरवाज्याजवळ उभ्या असलेल्या कुठल्याही बाईला विचारा की केस का बांधलेस, ती फॅशनबद्दल एक शब्द बोलणार नाही. वारा सुटला की आपले केस मागचीच्या डोळ्यात, तोंडात, आणि मग उतरेपर्यंत तिची कटकट ऐकायची, त्यापेक्षा क्लचर लावलेला बरा. गॅसजवळ वाकताना बट पुढे येते म्हणून, बाळ मुठीत धरून ओढतं म्हणून, मे महिन्यात मानेवर घामोळं आलंय म्हणून, पोरीच्या वर्गात उवा फिरताहेत म्हणून, काल तेल लावलं आणि आज धुवायला वेळच मिळाला नाही म्हणून, भांग हल्ली रुंद दिसायला लागलाय तो झाकायचा म्हणून, केस बांधायची अशी रोजची साधी कारणं असतात. बघणारा मात्र एका नजरेत ठरवून मोकळा होतो की ही काकूबाई आहे, ही शिस्तीची दिसतेय, हिचं घरी काहीतरी बिनसलंय.

आणि हे ऐकून ऐकून आपण काय करतो तर नीटनेटकं दिसायला नको तितके घट्ट बांधतो, नाहीतर चारचौघात उठून दिसायला जिथे बांधायलाच हवेत तिथे मोकळे सोडतो. दोन्हीत नुकसान आपलंच होतं. म्हणून कुठे बांधायचे, किती घट्ट, कसे, आणि कोणी बोललं तर काय करायचं हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

कुठे बांधायलाच हवेत

फिरणारं काहीही जवळ असेल तर केस बांधायचे आणि बांधून झाल्यावर शेपूट लोंबकळत ठेवायचं नाही, ते आत खोचायचं किंवा अंबाडा घालायचा. पिठाच्या गिरणीचा पट्टा, मळणीयंत्र, रसवंतीचा चरक, कॉलेजच्या वर्कशॉपमधलं लेथ म्हणजे धातू गरगर फिरवून कापायचं यंत्र, ड्रिल मशीन, यात अडकलेले केस सोडवायला वेळच मिळत नाही, मशीन डोकंच ओढून घेतं. २०११ मधे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या वर्कशॉपमधे लेथमधे केस अडकून एका विद्यार्थिनीचा जीव गेला. आपल्याकडे २०१८ मधे हरियाणात पिंजोरला गो-कार्टमधे बसलेल्या एका बाईचे केस चाकात अडकले आणि ती वाचली नाही. पोरांना घेऊन अशा पार्कमधे जाताना मोठ्या बायकांनी स्वतःचे केस आधी बघा, पोरींच्या दोन वेण्या बहुतेकदा बांधलेल्याच असतात, आपण मात्र फोटोसाठी मोकळे सोडून गेलेलो असतो. या एका बाबतीत 'कशी दिसतेय' हा प्रश्नच बाजूला ठेवायचा, तिथे कोणाचंही काहीही ऐकायचं नाही.

जेवणाचा डबा, पोळीभाजी केंद्र, केटरिंग असं काही चालवत असाल तर नुसती पोनी पुरत नाही, डोकं झाकावं लागतं, अन्नसुरक्षेच्या नियमांतच ते आहे, जाळी किंवा टोपी घाला. हॉस्पिटलमधे, लॅबमधे बर्नरजवळ तेच.

हेल्मेटसाठी एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा. वर बांधलेला बन किंवा उंच पोनी असली की हेल्मेट डोक्यावर नीट बसतच नाही, पुढे कलतं किंवा वरच्यावर राहतं, आणि तसं हेल्मेट घालून काय उपयोग. मानेशी सैल वेणी घालायची, ती जॅकेटच्या किंवा कुर्त्याच्या आत टाकायची. मोकळे सोडले तर अर्ध्या तासात असा गुंता होतो की ऑफिसच्या बाथरूममधे उभं राहून तोडत बसावं लागतं.

किती घट्ट, हा खरा प्रश्न

केस रोज मागे खेचून बांधले की कपाळाच्या कडेचे आणि कानशिलावरचे केस विरळ होतात, याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, म्हणजे सततच्या ताणाने होणारी केसगळती. ही काही आजच्या जेल आणि रबरबँडच्या जमान्यातली गोष्ट नाही, १९०७ मधेच ग्रीनलंडमधल्या बायकांमधे याची नोंद झाली होती, त्या केस वर घट्ट बांधायच्या आणि कडेचे केस जायचे. पगडीखाली रोज केस घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांमधेही हे दिसतं. म्हणजे बाई-पुरुष काही नाही, जिथे रोज ताण तिथे हा त्रास.

होतं कसं ते समजून घ्या म्हणजे भीती पण वाटणार नाही आणि दुर्लक्ष पण होणार नाही. केसाचं मूळ त्वचेत बसलेलं असतं, त्यावर रोज तासन्‌तास ओढ राहिली की ते सुजतं, केस वेळेआधी सुटतो, आणि जागेवर नवा येतो तो बारीक येतो. सुरुवातीला हे पूर्ण बरं होतं, ओढ थांबवली की काही महिन्यांत केस परत भरतात, केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो तेव्हा धीर धरावा लागतो इतकंच. पण वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि मग तिथे केस येत नाही, कितीही कांद्याचा रस चोळा.

आता हे ओळखायचं कसं. उजेडात आरशासमोर उभं राहा, केस सोडा, कानशिलाची आणि कपाळाची कड बघा. बारीक तुटलेले आखूड केस उभे राहिलेले दिसतात का, केसांच्या मुळाशी बारीक पुरळ आहे का, दोन्ही बाजूंना त्वचा जास्त दिसायला लागलीय का. एक खूण डॉक्टर मुद्दाम बघतात, अगदी कडेला बारीक लवेसारख्या केसांची झालर शिल्लक असते आणि तिच्या मागचा पट्टा विरळ झालेला असतो, कारण ते कडेचे आखूड केस पोनीत सापडतच नाहीत, म्हणून वाचतात. असं दिसलं तर पार्लरच्या सल्ल्यावर थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, जितक्या लवकर जाल तितकं बरं.

आणि एक गैरसमज इथेच काढून टाकते. बाळंतपणानंतर, डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेल्यावर, किंवा उपाशी राहून वजन उतरवल्यावर दोन-तीन महिन्यांनी अख्ख्या डोक्यातून मूठ मूठ केस जातात, ते बांधल्यामुळे नसतं, ती वेगळी गळती आहे आणि बहुतेकदा आपोआप थांबते. रोज पन्नास ते शंभर केस तर सगळ्यांचेच जातात, दिवसभर बांधलेले असले की ते संध्याकाळी सोडल्यावर एकदम हातात येतात आणि आपण घाबरतो.

डोकेदुखीचं पण सांगते. पोनीने डोकं दुखतं हा मनाचा खेळ नाही. २००४ मधे छापून आलेल्या एका पाहणीत ९३ बायकांना विचारलं तर त्यातल्या ५० जणींना पोनीमुळे डोकं दुखत होतं, आणि डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बाहेरून ओढ बसून होणाऱ्या डोकेदुखीचा वेगळा प्रकारच दिलेला आहे. केसांना स्वतःला दुखत नाही, पण मुळाभोवतीच्या त्वचेत आणि स्नायूंवरच्या पडद्यात नसा असतात. संध्याकाळी रबर काढल्यावर हुश्श वाटत असेल तर ते घट्ट होतं, यापेक्षा सोपी परीक्षा नाही.

बांधायचे कसे

ओले केस बांधू नका. पाणी लागलं की केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, आणि वाळताना रबरच्या जागी पक्की घडी पडते ती वेगळीच. सकाळची घाई मला माहितीय, सातची गाडी आहे, केस ओले आहेत, डबा भरायचाय, अशा वेळी क्लचरने नुसते अर्धे वर धरा, गाडीत बसल्यावर वेणी घाला. किंवा न्हायचं आदल्या रात्री.

गुंता टोकाकडून सोडवायचा, मुळाकडून कंगवा ओढत खाली आणायचा नाही. मोठ्या दातांचा कंगवा. कुरळे केस असतील तर कोरडे असताना विंचरूच नका, थोडं पाणी आणि कंडिशनर लावून बोटांनी सोडवा, नाहीतर अर्धे हातात येतील.

पोनी मानेच्या खळगीपाशी घेतली तर ओढ कमी बसते, टाळूवर घेतली तर कपाळ आणि मान दोन्हीकडून बसते. उंच पोनी घालूच नये असं नाही, पण रोज त्याच जागी नको, आज खाली, उद्या वेणी, परवा क्लचर असं बदलत राहा. साधा रबर, तो भाजीच्या पिशवीचा किंवा डब्याला लावलेला, तो तर केसाला लावूच नका, निघताना केस घेऊनच निघतो. कापडात गुंडाळलेलं इलॅस्टिक वापरा. स्क्रंची ही तर याचसाठी निघाली, अमेरिकेत १९८७ मधे रॉमी रेव्हसन नावाच्या बाईने तिचं पेटंट घेतलं, प्लास्टिक आणि धातूच्या पिनांपेक्षा केसांना सोसेल असं काहीतरी तिला हवं होतं. आता तर उरलेल्या ब्लाऊजपीसमधून घरी शिवता येते.

बांधून झालं की तीन गोष्टी करून बघा. भुवया वर करा, तोंड मोठं उघडा, मान खाली घाला. यात कुठेही कानशिलाची कातडी खेचल्यासारखी वाटली तर सैल करा. सैल करायला सगळं सोडायची गरज नाही, एका हाताने पोनीचं मूळ धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं टाळूवरच्या केसांत घालून थोडे थोडे केस वर उचला, आपोआप जागा होते आणि वरून छान फुगीर पण दिसतं.

वेणी घालताना पहिले दोन-तीन पेड सैल टाका आणि मानेच्या खाली आल्यावर घट्ट करत जा, म्हणजे वेणी सुटत नाही आणि ओढ मुळांवर येत नाही. आपल्याकडे उलटं करतात, आई गुडघ्यात धरून पहिलाच पेड असा खेचते की पोरीचे डोळे बारीक होतात, शाळा सुटेपर्यंत टिकायला हवी म्हणून. टिकवायचं काम खालच्या पेडांना द्या.

अंबाड्याचं जरा सावकाश सांगते, कारण बऱ्याच जणी तो रबर घालून आवळतात आणि मग वर दहा पिना खुपसतात. आधी मानेशी सैल पोनी घ्या, तिला पीळ द्या आणि पीळ जिकडे वळतोय तिकडेच गुंडाळत न्या, टोक खाली खोचा. आता यू आकाराचा आकडा घ्या. त्याची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवून अंबाड्याच्या कडेचे थोडेसे केस आणि त्याच्या लगतचे डोक्यावरचे थोडेसे केस एकत्र पकडा, मग आकडा उलटा फिरवा आणि अंबाड्याच्या मध्याकडे आत सरकवा. बरोबर बसला असेल तर टोचत नाही आणि बोटाने हलवला तरी निघत नाही. टोचत असेल तर तो डोक्याच्या कातडीत चाललाय, काढून परत घाला. चार बाजूंना चार आकडे मध्यम केसांना पुरतात, केस जड असतील तर सहा.

लग्नकार्यात गंगावन लावून, वर गजरे, वर सोन्याचं फूल असं वजन चढतं, एक दिवसाचं काही होत नाही, पण रात्री झोपायच्या आधी सगळं उतरवा, कितीही दमलात तरी. स्मूदनिंग किंवा स्ट्रेटनिंग नुकतंच केलेलं असेल तर महिना-दोन महिने घट्ट काहीच नको, केमिकल झालेल्या केसाला ताण जास्त नडतो. झोपताना सैल वेणी किंवा मोकळे. रबर गुंतून बसला तर ओढू नका, खोबरेल तेलाचं बोट लावून सरकवा, तरी नाही निघाला तर रबर कापा, दहा रुपयांना डझन मिळतात.

आता लोकांचं

लोकांची मतं कशी ठरतात ते पाहिलं की जीव हलका होतो, म्हणून सांगते. ब्रिटनमधे केस एकदम घट्ट मागे ओढून बांधले की त्याला हेटाळणीने 'क्रॉयडन फेसलिफ्ट' म्हणायचे, क्रॉयडन हा लंडनचा एक भाग, म्हणजे गरीब वस्तीतल्या पोरींची स्टाईल म्हणून. आता काही वर्षांपूर्वी तीच ओढून चापून बसवलेली स्टाईल 'स्लीक बन' म्हणून मॉडेल्सनी केली आणि ती श्रीमंत, स्वच्छ, आटोपशीर दिसायला लागली. केस तेच, बांधणं तेच, डोकं कोणाचं आहे एवढंच बदललं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरगी खोबरेल तेल चोपडून चप्प वेणी घालून शहरातल्या कॉलेजात आली की तिला तेलकट म्हणून हसायचं आणि महागडं जेल लावून तेच केलं की कौतुक करायचं, याचा मला मनापासून राग येतो.

जपानमधल्या काही शाळांनी तर पोनीटेलवर बंदी घातली होती, कारण काय तर मान दिसते आणि मुलांचं लक्ष जातं. आमच्याकडच्या शाळेत दोन वेण्या वर दुमडून लाल रिबिनीची फुलं नसतील तर मधल्या सुट्टीत उभं करायचे, तेव्हा मानच काय कान पण दिसायचे. एका देशात बांधले म्हणून शिक्षा, एका देशात नाही बांधले म्हणून. अमेरिकेच्या आर्मीत लांब केसांच्या बायकांना २०२१ पर्यंत बहुतेक वेळ बनच घालावा लागायचा, त्याने केस विरळ व्हायचे, हेल्मेट बसायचं नाही, मग त्या वर्षी वेणी आणि पोनीला परवानगी दिली. इतक्या शिस्तीच्या ठिकाणी नियम बदलला आणि काही आभाळ कोसळलं नाही.

आपल्याकडे तर बाईचे केस म्हणजे सगळ्या गावाची मालमत्ता. कीर्तनात द्रौपदीचे मोकळे केस ऐकत मोठे झालो, तिन्हीसांजेला केस सोडू नको, झिपऱ्या सोडून फिरू नको, हे आजीचं. आणि नवरा गेला की केसच काढून टाकायचे, ही रीत याच महाराष्ट्रात होती, तिच्याविरुद्ध सत्यशोधक मंडळी उभी राहिली, १८९० मधे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी केशवपन करणार नाही असा निर्धार केला. ज्यांचा तो पोटापाण्याचा धंदा त्यांनी नकार दिला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पुरुषांना वाटत असेल आपण सुटलो, तर तसं नाही. लांब केस ठेवून मागे बांधणाऱ्या मुलाला सोसायटीच्या वॉचमनपासून होणाऱ्या सासऱ्यापर्यंत सगळे बोलतात. २००६ मधे लाहोरच्या मॅचनंतर पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनी धोनीच्या लांब केसांचं कौतुक केलं, कापू नकोस म्हणाले, तेव्हा इकडेही गल्लीतल्या पोरांनी वाढवले आणि घरोघरी भांडणं झाली. मुलांना एकच सांगते, कपाळाचे कोपरे आधीच मागे सरकत असतील तर डोक्यावर घट्ट बन बांधू नका, आनुवंशिक टक्कल आणि ताणाची गळती एकत्र आली की कळतच नाही कशाने काय गेलं.

कोणाला काय सांगायचं

नातेवाईक बाई विचारते, काय गं बरं नाही का, केस असे का बांधलेस. याला स्पष्टीकरण देत बसू नका. 'बरी आहे, उकडतंय' एवढं पुरे. कारणं दिली की त्यावर चर्चा होते.

मुलाखतीला मी बांधूनच जायला सांगते, आणि ते सभ्य दिसण्यासाठी नाही, घाबरल्यावर हात सारखा केसांकडे जातो म्हणून. मानेशी पोनी किंवा साधी वेणी, कपाळावर बटा येत असतील तर दोन साध्या काळ्या पिना. नोकरीतच बनचा नियम असेल, नर्सिंग, पोलीस, विमानातली ड्युटी, तर ड्युटी संपली की पहिलं काम केस सोडायचं, घरी पोचेपर्यंत थांबायचं नाही, आणि सुट्टीच्या दिवशी पूर्ण मोकळे. सीनियरला सांगायची वेळ आली तर 'मला आवडत नाही' असं न म्हणता 'कानशिलाचे केस जाताहेत, मी जाळी लावून सैल अंबाडा घालीन, नीट बसेल' असं सांगा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर बोलणं लवकर संपतं.

कुरळ्या केसांच्या मुलींना वेगळं सांगावंसं वाटतं. पिंजारलेले दिसतात म्हणून तुम्हाला लहानपणापासून बांधायला लावलेलं असतं, पाणी मारून, तेल थापून, ओढून. मोकळे कुरळे केस अस्ताव्यस्त नसतात, ते तसेच असतात. बांधायचे तर बांधा पण सरळ दिसायला हवेत म्हणून ओढू नका, सैल क्लचर तुमच्या केसांवर सगळ्यात छान बसतो.

आणि शाळेत जाणाऱ्या पोरी घरात असतील तर संध्याकाळी आल्याआल्या रिबिनी सोडा, खेळायला तशाच पाठवू नका, बोटांनी पाच मिनिटं डोकं चोळून द्या. कानामागे, कपाळाच्या कडेला पुरळ किंवा विरळ जागा दिसली तर वर्गशिक्षकांना लेखी कळवा की काही महिने हिची एकच सैल वेणी असेल, रिबीन शाळेच्या रंगाचीच असेल. फोनवर सांगू नका, वहीत लिहून द्या आणि त्यावर सही घ्या, म्हणजे पीटीच्या तासाला दुसरे सर आले तरी पोरीला ओळीतून बाहेर काढून विचारणार नाहीत.